घटक ५ : प्रश्न, मागणी आणि ठराव – लोकप्रतिनिधीच्या आठवड्याची भाषा

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
● अधिवेशनकाळातील खासदाराच्या आठवड्याची रचना सांगता येईल.
● प्रश्न, सूचना, ठराव, विधेयक या संसदीय प्रकारांतील भाषिक भेद स्पष्ट करता येतील.
● देशांतर्गत आणि परराष्ट्र विषयांवर बोलताना लोकप्रतिनिधीच्या भाषेवर येणाऱ्या मर्यादा समजतील.
● शासकीय उत्तरातील वाक्यरचनेचे विश्लेषण करता येईल.
● लोकप्रतिनिधीस उद्देशून नेमके निवेदन लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रशासकीय पत्रव्यवहाराच्या मराठीचा परिचय करून घेतला. या घटकात विधिमंडळ आणि संसद यांतील भाषाव्यवहाराकडे वळावयाचे आहे.

भाषेने आपण केवळ माहिती देत नाही. भाषेने आपण कृतीही करतो. ‘मी राजीनामा देतो’ हे वाक्य राजीनाम्याचे वर्णन करीत नाही, ते उच्चारणे किंवा लिहिणे हाच राजीनामा असतो. बाजार समितीच्या लिलावात अखेरची बोली पुकारली गेली की माल विकला जातो. अशा वाक्यांकडे ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यांची या विषयावरील व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अशा भाषिक कृतीस आपण ‘वाक्कृती’ म्हणू.

लोकप्रतिनिधीचे संसदीय काम जवळजवळ संपूर्णपणे वाक्कृतींचे बनलेले असते. स्थानिक विकास निधीचा अपवाद सोडल्यास खासदाराच्या हाती तिजोरी नसते. तो कोणाची बदली करू शकत नाही, कोणताही शासकीय आदेश काढू शकत नाही. त्याच्यापाशी असते ते सभागृहात बोलण्याचे स्वातंत्र्य. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५ नुसार संसदेत केलेल्या भाषणाबद्दल सदस्यावर न्यायालयीन कारवाई करता येत नाही. हे स्वातंत्र्य मोठे आहे. परंतु सभागृहात उच्चारलेल्या प्रत्येक वाक्याचा परिणाम सारखा नसतो. एकच गाऱ्हाणे प्रश्न म्हणून मांडले तर मंत्र्यास उत्तर द्यावे लागते, शून्य प्रहरात मांडले तर ते बंधन नसते, आणि विधेयक म्हणून मांडले तर सभागृहास कधी ना कधी त्यावर ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची वेळ येऊ शकते. वाक्याचे रूप कोणते निवडले, यावर त्याचे बळ ठरते. या घटकाचे हेच मध्यवर्ती सूत्र आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ आठवड्याची चौकट

संसदेची वर्षातून सामान्यतः तीन अधिवेशने होतात : अर्थसंकल्पीय, पावसाळी आणि हिवाळी. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, असे घटनेचे बंधन आहे. अधिवेशनकाळात सभागृहाच्या बैठका सामान्यतः सोमवार ते शुक्रवार होतात, आणि शनिवार-रविवार मतदारसंघाच्या वाट्याला येतात.

लोकसभेतील दिवस सकाळी ११ वाजता प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होतो. त्यानंतर पटलावर कागदपत्रे ठेवली जातात, तातडीचे विषय मांडले जातात. मग विधेयके आणि चर्चा. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजासाठी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली विधेयके आणि ठराव यांसाठी राखून ठेवलेले असतात. संसदीय समित्यांच्या बैठका वेगळ्या. सर्व मंत्रालयांची प्रश्नांसाठी पाच गटांत विभागणी केलेली असते आणि प्रत्येक गटास आठवड्यातील एक वार ठरवून दिलेला असतो. त्यामुळे परराष्ट्र व्यवहाराविषयीचा प्रश्न आपल्या सोयीच्या दिवशी विचारता येत नाही; त्या मंत्रालयाच्या वाराचीच वाट पाहावी लागते.

ही चौकट समजून घेण्यासाठी आपण एक उदाहरण संपूर्ण घटकभर सोबत ठेवू. नाशिक जिल्ह्यातील एका कल्पित खासदाराकडे शनिवारी पुढील आशयाचे पत्र येते, असे समजा :

‘साहेब, कांद्याची निर्यात बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी भाव पडला. उन्हाळ कांदा असता तर चाळीत ठेवला असता. हा लाल कांदा आहे, तो टिकत नाही. आम्ही काय करायचे?’

पत्र कल्पित असले तरी प्रसंग कल्पित नाही. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ या तिन्ही वेळी केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. हा विषय वरवर पाहता शेतीचा. पण निर्यातीचा आदेश वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील विदेश व्यापार महासंचालनालय काढते. शहरी ग्राहकास पडणाऱ्या भावाची चिंता ग्राहक व्यवहार मंत्रालयाची असते. आणि भारतीय कांद्यावर अवलंबून असणाऱ्या बांगलादेशासारख्या शेजाऱ्याची नाराजी परराष्ट्र मंत्रालयास हाताळावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये लागू झालेल्या बंदीच्या काळातही बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती अशा देशांना शासनाच्या परवानगीने ठरावीक कांदा पाठवण्यात आला, यावरून या पिकाचे परराष्ट्रीय अंग ध्यानात येते. देशांतर्गत धोरण आणि परराष्ट्र धोरण ही अभ्यासक्रमातील दोन प्रकरणे असली, तरी शेतकऱ्याच्या गोणीत ती एकत्रच असतात. खासदारास मात्र कोणत्या मंत्र्याला कोणते वाक्य उद्देशून म्हणावयाचे, ते निवडावे लागते.

५.२.२ प्रश्नाची भाषा

संसदीय प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे असतात. ज्याचे उत्तर मंत्र्याने तोंडी द्यावयाचे असते, त्यावर यादीत तारकेचे चिन्ह असते. म्हणून तो तारांकित प्रश्न. तारका नसलेला तो अतारांकित. त्याचे उत्तर लेखी मिळते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाचा लाभ असा, की उत्तर ऐकल्यावर सदस्यास पूरक प्रश्न विचारता येतात. मूळ प्रश्नाचे उत्तर अधिकाऱ्यांनी तयार करून दिलेले असते. पूरक प्रश्नाला मंत्र्यास उभ्याउभ्या उत्तर द्यावे लागते. तासाभरात २० पैकी थोडेच प्रश्न तोंडी चर्चेला येतात; उरलेल्यांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर ठेवली जातात.

प्रश्नाच्या भाषेवर लोकसभेच्या नियम ४१ ने अनेक बंधने घातली आहेत. प्रश्न सामान्यतः १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप, विशेषणे किंवा बदनामीकारक विधाने नसावीत. त्यातून मत विचारू नये. काल्पनिक परिस्थितीविषयी विचारू नये. मित्रराष्ट्राचा अनादराने उल्लेख करू नये. भाषेचे विद्यार्थी म्हणून या यादीकडे पाहा. वक्तृत्वाची जवळजवळ सर्व आयुधे येथे काढून घेतली आहेत. ‘शेतकरीविरोधी’ हे विशेषण चालत नाही, ‘शासनाला शेतकऱ्याची काळजी आहे तरी का?’ हा उपरोध चालत नाही, ‘उद्या बंदी वाढवली तर काय?’ हे काल्पनिकही चालत नाही.

महाराष्ट्र विधानमंडळातील मराठी प्रश्नांचा साचा याच शिस्तीतून घडला आहे. त्या साच्यात वरील पत्राचे रूपांतर पुढीलप्रमाणे होईल :

‘वाणिज्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, त्यामागील कारणे आणि ज्या आकडेवारीच्या आधारे हा निर्णय घेण्यात आला तिचा तपशील काय आहे;
(३) निर्णयापूर्वी करार झालेल्या व बंदरात पोहोचलेल्या मालाबाबत कोणती तरतूद करण्यात आली आहे;
(४) या बंदीचा आढावा कोणत्या तारखेपर्यंत घेण्यात येणार आहे;
(५) अशी तारीख निश्चित केली नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?’

(लोकसभेत प्रश्नाची सूचना हिंदी किंवा इंग्रजीत द्यावी लागते, येथे अभ्यासाच्या सोयीसाठी मराठी साचा घेतला आहे.)

या रूपांतरात काय गेले आणि काय राहिले? ‘आम्ही काय करायचे?’ हा आर्त उद्गार गेला. ‘साहेब’ हे संबोधन गेले. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांतील भेदही दिसेनासा झाला. परंतु त्या भेदामागची निकड, म्हणजे टिकण्याचा काळ, चौथ्या उपप्रश्नातील ‘कोणत्या तारखेपर्यंत’ या शब्दांत जपली गेली. चांगल्या मसुदाकाराचे कौशल्य येथे दिसते. भावना वगळावी लागते, तेव्हा तिच्या मुळाशी असलेली वस्तुस्थिती त्याने प्रश्नात आणली पाहिजे. ‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’ या दोन संकेतार्थी रूपांकडेही लक्ष द्यावे. उत्तर होकारार्थी येवो वा नकारार्थी, दोन्ही वाटांवर पुढचा प्रश्न आधीच उभा केलेला असतो.

आपली प्रगती तपासा – १
(अ) तारांकित व अतारांकित प्रश्नांतील मुख्य भेद कोणता?
(आ) ‘शेतकऱ्यांवर अन्याय करणारी ही बंदी शासन कधी उठवणार?’ या वाक्यातील कोणता शब्दसमूह नियमात बसणार नाही? का?

५.२.३ निकडीचा विषय आणि वेळेचे गणित

प्रश्नासाठी किमान १५ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. मंत्रालयास माहिती जमवता यावी म्हणून ही मुदत आवश्यक आहे. पण नाशवंत मालाच्या बाबतीत १५ दिवस म्हणजे काय, हे सांगावयास नको. डिसेंबर २०२३ चे उदाहरण बोलके आहे. निर्यातबंदी ८ डिसेंबरपासून लागू झाली. संसदेचे हिवाळी अधिवेशन ४ डिसेंबरला सुरू झाले होते आणि ते २१ डिसेंबरला संपले. बंदी लागू झाल्याच्या दिवशीच कोणी प्रश्नाची सूचना दिली असती, तरी १५ दिवस पूर्ण होण्यापूर्वीच अधिवेशन संपले होते. त्या बंदीविषयी नेहमीच्या मार्गाने प्रश्न विचारणे त्या अधिवेशनात शक्यच नव्हते.

अशा वेळी खासदार अन्य मार्ग शोधतो. पहिला मार्ग अल्पसूचना प्रश्नाचा. परंतु त्यास मंत्र्याची तयारी लागते. दुसरा मार्ग शून्य प्रहराचा. हा शब्द लोकसभेच्या नियमावलीत नाही. प्रथेने तो रूढ झाला. त्याच दिवशी सकाळी सूचना देऊन सदस्य निकडीचा विषय मांडू शकतो, मात्र मंत्र्याने उत्तर द्यावे असे बंधन नसते. तिसरा मार्ग नियम ३७७ खालील निवेदनाचा. तेथे आधी दिलेला मजकूर वाचावयाचा असतो. चौथा मार्ग लक्षवेधी सूचनेचा. ही भारतीय संसदीय पद्धतीची स्वतःची देणगी असून तिची सुरुवात १९५४ मध्ये झाली. या सूचनेमुळे मंत्र्यास सभागृहात निवेदन करावे लागते.

येथे एक भाषिक नोंद करावीशी वाटते. हिंदीत या सूचनेस ‘ध्यानाकर्षण’ म्हणतात, मराठीत ‘लक्षवेधी’. आकर्षणात ओढून घेणे आहे, वेधण्यात अचूकपणा आहे. महाराष्ट्राच्या विधानमंडळात हा शब्द इतका रुळला आहे, की ‘सूचना’ हे विशेष्य गळून ‘आज माझी लक्षवेधी आहे’ असे सदस्य सहज म्हणतात. विशेषणाचे नाम होण्याची ही प्रक्रिया आपण शब्दसिद्धीच्या घटकात अभ्यासली आहे.

शून्य प्रहरातील भाषा प्रश्नाहून निराळी असते. येथे लाल कांदा परत येऊ शकतो, बाजार समितीतील बंद पडलेला लिलाव येऊ शकतो, ‘माझी शासनाला विनंती आहे’ असे म्हणता येते. वेळ थोडा असतो, म्हणून पहिल्या दोन वाक्यांतच विषय, स्थळ आणि मागणी यावी लागते. या वाक्यांत जिव्हाळा अधिक आणि बंधनकारकता कमी असते. प्रश्नात याच्या नेमके उलट घडते. अनुभवी लोकप्रतिनिधी म्हणून दोन्ही वापरतो. आज शून्य प्रहरात बोलून तो विषय वृत्तपत्रांपर्यंत नेतो आणि पुढील अधिवेशनासाठी त्याच विषयाचा प्रश्न तयार करून ठेवतो.

५.२.४ समितीची भाषा

सभागृहाबाहेरचे, वृत्तपत्रांत क्वचितच दिसणारे काम संसदीय समित्यांत चालते. मंत्रालयांशी संलग्न अशा स्थायी समित्यांची पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली. त्यांची संख्या पुढे २४ झाली. प्रत्येक समितीत ३१ सदस्य असतात : लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्री या समित्यांचा सदस्य होऊ शकत नाही. परराष्ट्र व्यवहार, वाणिज्य, कृषी यांच्या समित्या वेगवेगळ्या आहेत. त्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या तपासतात, सचिवांना बोलावून विचारणा करतात आणि अहवाल सादर करतात.

समितीच्या बैठका जनतेसाठी खुल्या नसतात. प्रेक्षक नसला की वक्त्याची भाषा बदलते. पक्षाची घोषणा मागे पडते, आकडे पुढे येतात. अहवालातील क्रियापदे पाहिली तर हा बदल स्पष्ट होतो : ‘समिती नमूद करू इच्छिते’, ‘समितीस खेद वाटतो’, ‘समिती शिफारस करते’. या सर्व वाक्यांचा कर्ता ‘समिती’ हा एकवचनी शब्द आहे. निरनिराळ्या पक्षांचे ३१ सदस्य एका कर्त्याच्या ठायी एकवटतात. ‘शिफारस करते’ हे क्रियापद आज्ञार्थी नाही. शासन शिफारस नाकारू शकते. मात्र शिफारशीवर काय कार्यवाही केली, हे त्यास समितीला कळवावे लागते.

५.२.५ परराष्ट्र विषयांवरील भाषा

परराष्ट्र व्यवहार आणि परकीय देशांशी करार हे विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघ सूचीत आहेत. राज्य विधानमंडळास त्यांवर कायदा करता येत नाही; ते फार तर केंद्रास शिफारस करणारा ठराव करू शकते. संसदेचीही भूमिका येथे मर्यादित आहे. परकीय देशाशी करार करणे हे कार्यपालिकेचे काम मानले जाते. प्रत्येक करारास संसदेची आगाऊ मंजुरी लागत नाही. परंतु करारामुळे देशाचा भूभाग दुसऱ्या देशास द्यावा लागणार असेल, तर घटनादुरुस्ती आवश्यक ठरते. बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये असे मत दिले आणि त्यानंतर नववी घटनादुरुस्ती झाली. पुढे २०१५ मध्ये १०० व्या घटनादुरुस्तीने भारत आणि बांगलादेश यांच्यातील वेढलेल्या वस्त्यांची अदलाबदल झाली : भारताच्या १११ वस्त्या बांगलादेशात गेल्या आणि बांगलादेशाच्या ५१ वस्त्या भारतात आल्या. वर्षानुवर्षे धड कोणत्याच देशाचे लाभ न मिळालेल्या माणसांचे नागरिकत्व संसदेच्या मतदानाने निश्चित झाले.

एरवी परराष्ट्र विषयात खासदाराचे मुख्य साधन प्रश्न आणि चर्चा हेच असते, आणि येथे शब्दांची निवड अधिक जोखमीची असते. आपल्या राज्याशी निगडित एक उदाहरण पाहू. पालघर जिल्ह्यातील अनेक मच्छीमार गुजरातमधील बंदरांतून निघणाऱ्या बोटींवर खलाशी म्हणून काम करतात. त्यांपैकी काहींना पाकिस्तानी यंत्रणा समुद्रात पकडतात आणि ते तेथील तुरुंगात अडकून पडतात. भारत आणि पाकिस्तान यांच्यात २००८ मध्ये झालेल्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी परस्परांच्या कोठडीतील कैदी व मच्छीमार यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या यादीत आपल्या माणसाचे नाव आहे की नाही, हे घरच्यांना जाणून घ्यावयाचे असते, आणि त्यांचे निवेदन खासदाराकडे येते.

आता पुढील तीन वाक्ये पाहा :
(क) ‘सागरी सीमा ओलांडल्यामुळे पकडलेले मच्छीमार...’
(ख) ‘सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पकडलेले मच्छीमार...’
(ग) ‘पाकिस्तानच्या ताब्यात असलेले भारतीय मच्छीमार...’

पहिल्या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत : सीमा निश्चित आहे आणि ती यांनी ओलांडली. वस्तुतः सर क्रीकच्या वादामुळे त्या भागातील सागरी सीमेवर दोन्ही देशांचे एकमत झालेले नाही. आपल्याच संसदेत उच्चारलेले पहिले वाक्य आपल्याच मच्छीमारांच्या विरोधात वापरले जाऊ शकते. दुसरे वाक्य आरोप आणि वस्तुस्थिती यांत अंतर ठेवते. तिसरे वाक्य कारणाविषयी काहीच बोलत नाही, फक्त स्थिती सांगते. वाक्यात न सांगता मान्य केलेल्या अशा अर्थास भाषाविज्ञानात ‘पूर्वगृहीत’ म्हणतात. परराष्ट्र विषयावर बोलणाऱ्या लोकप्रतिनिधीने आपल्या विधानाइतकेच आपल्या पूर्वगृहीतांनाही जपले पाहिजे. तुरुंगातील माणसाची सुटका एका वाक्याने होत नाही. पण एका निष्काळजी वाक्याने त्याची बाजू दुर्बल होऊ शकते.

परराष्ट्र निवेदनांतील क्रियापदांनाही पायऱ्या असतात. ‘नोंद घेतली आहे’, ‘चिंता व्यक्त केली आहे’, ‘तीव्र चिंता व्यक्त केली आहे’, ‘निषेध केला आहे’ ही वाक्ये वाढत्या तीव्रतेची आहेत. व्यवहारात आपण ‘चिंता’ आणि ‘निषेध’ यांचा सैल वापर करतो. येथे एक पायरी चढणे हा धोरणातील बदल समजला जातो. शासन कोणत्या पायरीवर उभे आहे, हे वदवून घेणे हे खासदाराच्या पूरक प्रश्नाचे काम असते.

आपली प्रगती तपासा – २
(अ) ‘पूर्वगृहीत’ म्हणजे काय? एक उदाहरण द्या.
(आ) समितीच्या अहवालातील वाक्यांचा कर्ता कोण असतो?

५.२.६ शुक्रवारची दुपार

शुक्रवारी दुपारी मंत्री नसलेला सदस्य स्वतःचे विधेयक मांडू शकतो. अशी विधेयके संमत होणे अत्यंत दुर्मीळ आहे. स्वातंत्र्यानंतर केवळ १४ अशासकीय विधेयकांचे कायद्यांत रूपांतर झाले आणि त्यांपैकी शेवटचे १९७० मध्ये संमत झाले. मग सदस्य ती का मांडतात?

याचे उत्तर कोकणातील राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांच्या उदाहरणात सापडते. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेस करता येणार नाही, असा निर्णय दिला. संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे विधेयक नाथ पै यांनी त्याच वर्षी अशासकीय विधेयक म्हणून मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर वादविवाद झाला, परंतु ते संमत झाले नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै यांचे निधन झाले. त्याच वर्षी शासनाने आणलेल्या २४ व्या घटनादुरुस्तीत त्या विधेयकातील मूळ विचार आला. त्या विचाराशी आपण सहमत असू वा नसू. भाषेच्या अभ्यासकाने येथे असे पाहावे, की अशासकीय विधेयकाच्या रूपाने विचाराला कायद्याच्या वाक्याचे शरीर मिळते. भाषण विरून जाते, कलम राहते आणि दुसरा कोणी ते उचलू शकतो.

५.२.७ उत्तराची भाषा आणि आश्वासन

आता उत्तरांकडे वळू. महाराष्ट्र विधानमंडळातील लेखी उत्तरांत ‘होय, हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ ही वाक्ये वारंवार येतात. त्यांपैकी ‘अंशतः खरे आहे’ हे सर्वांत विचारप्रवर्तक. कोणता अंश खरा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. पूरक प्रश्नाची जागा नेमकी येथे असते.

दुसरा गट असा : ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’. या वाक्यांत कर्ता नाही. ‘करण्यात येईल’ या रचनेत क्रिया आहे, काळही भविष्याचा आहे. परंतु कोण करणार आणि केव्हापर्यंत, या दोन जागा रिकाम्या आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य पूर्ण आहे, उत्तरदायित्वाच्या दृष्टीने अपूर्ण. तेच वाक्य ‘विदेश व्यापार महासंचालनालय ३१ मार्चपर्यंत आढावा घेईल’ असे केले की दोन्ही जागा भरतात.

संसदेने ही अडचण ओळखली आहे. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांविषयीची समिती कार्यरत आहे. मंत्र्याच्या उत्तरातील कोणती वाक्ये आश्वासन समजावीत, याची नमुना यादीच तिच्यापाशी आहे. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’, ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल’ अशा अर्थाची वाक्ये त्या यादीत मोडतात. असे वाक्य उच्चारले गेले की त्याची नोंद होते आणि सामान्यतः तीन महिन्यांत त्याची पूर्तता अपेक्षित असते. मंत्र्याला जे वाक्य सुटकेची वाट वाटले असेल, ते समितीच्या दप्तरी वचन ठरते. आश्वासन प्रत्येक वेळी वेळेत पुरे होते असे नाही. पण ते विस्मृतीत जाऊ नये अशी व्यवस्था आहे. वाक्कृतीचे याहून बोलके उदाहरण अभ्यासकास क्वचितच मिळेल.

५.२.८ मतदारसंघ आणि मराठी

शनिवारी खासदार मतदारसंघात परततो. आठवडाभर ज्या भाषेत त्याने काम केले ती भाषा, आणि त्याची वाट पाहणाऱ्यांची भाषा, यांत अंतर असते. घटनेच्या अनुच्छेद १२० नुसार संसदेचे कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालते. या भाषांत नीट व्यक्त होता येत नसेल, तर पीठासीन अधिकाऱ्यांच्या अनुमतीने सदस्यास मातृभाषेत बोलता येते. मराठी भाषणाचे तत्काळ भाषांतर करण्याची सोय लोकसभेत आहे. महाराष्ट्र विधानमंडळाचे कामकाज मात्र मुख्यतः मराठीतच होते. खासदाराच्या कामात म्हणून दुहेरी भाषांतर असते : शेतकऱ्याचे गाऱ्हाणे नियमाच्या भाषेत न्यावयाचे आणि नियमाच्या भाषेतील उत्तर शेतकऱ्याच्या भाषेत आणावयाचे. दुसरे भाषांतर अधिक वेळा राहून जाते. ‘उत्तर आले आहे, बाब विचाराधीन आहे’ एवढे सांगून स्वीय सहायक निरोप देतो, तेव्हा लाल कांद्याच्या मालकाला काहीच कळलेले नसते.

येथे आपला, म्हणजे नागरिकाचा, भाग सुरू होतो. आपल्यापैकी काहीजण ग्रामपंचायतींत, सहकारी संस्थांत किंवा बचतगटांत काम करीत असाल. निवेदन लिहिण्याची वेळ आपणांवर येतेच. ते लिहिताना चार गोष्टी पाळाव्यात. विषय एकच ठेवावा. काय घडले ते दिनांक आणि स्थळासह लिहावे. विशेषणांऐवजी वस्तुस्थिती द्यावी. ‘अतोनात नुकसान’ याऐवजी किती गोणी, कोणत्या दिवशी, कोणता भाव, हे लिहावे. आणि शेवटी विनंती अशी करावी, की तिचे उत्तर ‘कोण’ आणि ‘केव्हापर्यंत’ या दोन शब्दांनी देता येईल. असे निवेदन जवळजवळ तसेच प्रश्नाच्या साच्यात बसते. मसुदाकाराचे काम हलके होते आणि आपले म्हणणे वाटेत हरवत नाही.

५.३ सारांश

लोकप्रतिनिधीचे संसदीय कार्य हे मुख्यतः भाषिक कार्य आहे. आठवड्याच्या ठरीव चौकटीत तो एकच विषय प्रश्न, शून्य प्रहरातील निवेदन, लक्षवेधी सूचना, समितीची शिफारस किंवा अशासकीय विधेयक अशा भिन्न रूपांत मांडतो. प्रत्येक रूपाचे नियम आणि बळ वेगळे असते. परराष्ट्र विषयांत संसदेचे अधिकार मर्यादित असल्याने, आणि शब्द देशाबाहेरही ऐकले जात असल्याने, पूर्वगृहीते व क्रियापदांची तीव्रता यांना विशेष महत्त्व येते. शासकीय उत्तरातील कर्ता आणि कालमर्यादा यांच्या रिकाम्या जागा ओळखणे व त्या भरून मागणे, हे सदस्याच्या आणि जागरूक नागरिकाच्या भाषिक क्षमतेचे लक्षण होय.

५.४ पारिभाषिक संज्ञा

वाक्कृती : उच्चाराने किंवा लेखनाने घडणारी कृती.
पूर्वगृहीत : वाक्यात उघडपणे न सांगता मान्य केलेला अर्थ.
पूरक प्रश्न : तारांकित प्रश्नाच्या उत्तरानंतर विचारलेला तोंडी प्रश्न.
लक्षवेधी सूचना : निकडीच्या सार्वजनिक बाबीकडे मंत्र्याचे लक्ष वेधून निवेदन मागणारी सूचना.
अशासकीय विधेयक : मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक.
पटल : सभागृहासमोर कागदपत्रे अधिकृतपणे ठेवण्याची जागा.

५.५ ‘आपली प्रगती तपासा’ – उत्तरे

१. (अ) तारांकित प्रश्नाचे उत्तर तोंडी असते व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते. (आ) ‘शेतकऱ्यांवर अन्याय करणारी’. कारण त्यात विशेषण व आरोप दोन्ही आहेत.
२. (अ) वाक्यात उघड न सांगता मान्य केलेला अर्थ, उदा. ‘सीमा ओलांडल्यामुळे’ या शब्दांत सीमा निश्चित असल्याचे मान्य केलेले आहे. (आ) ‘समिती’ हा एकवचनी कर्ता.

५.६ स्वाध्याय

१. ‘वाक्याचे रूप त्याचे बळ ठरवते’ हे विधान संसदीय कामकाजातील तीन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. ‘योग्य ती कार्यवाही लवकरच करण्यात येईल’ या वाक्याचे व्याकरणिक विश्लेषण करा आणि कर्ता व कालमर्यादा भरून त्याचे पुनर्लेखन करा.
३. आपल्या गावातील पाणी, रस्ता किंवा शेतमाल यांविषयीची एक अडचण घ्या. तिच्यावर (अ) १०० शब्दांचे निवेदन, (आ) पाच उपप्रश्नांचा एक प्रश्न आणि (इ) शून्य प्रहरासाठी पाच वाक्यांचे भाषण लिहा. तिन्हींत काय गळले आणि काय टिकले, याची नोंद करा.
४. आठवडाभराच्या वृत्तपत्रांतून परराष्ट्र विषयावरील शासकीय निवेदनांत आलेली क्रियापदे जमवा व तीव्रतेच्या क्रमाने लावा.